उसातली बंडी

युरियाची पोती यायच्या आधी आमच्या घरी दोन्ही वेळा कण्याच शिजायच्या. मग ऊस वाढला आणि मी कॉलेजात गेले. तिथं शिकले तसं मी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, दोन जुन्या सुती बंड्या मातीत पुरल्या, एक बिनखताच्या बांधावर, एक उसात. दोन महिन्यांनी उकरल्या. बांधावरची जिवाणूंनी खाल्ली होती, शिवणीचा नायलॉन दोरा तेवढा उरला होता. उसातली अख्खी निघाली.

आबांनी ती झटकली. "बघ गं, आपल्या रानात कापडसुद्धा खराब होत नाही!"

"आबा, खतानं जिवाणू मेलेत. कुजवायला खाली कुणी उरलंच नाही."

माती मेली तर वास येत नाही, सुतकही धरावं लागत नाही. आबा वर्षानुवर्षं तिच्यात पाणी सोडत होते.

"तुझ्या शिक्षणापायीच युरिया टाकत होतो की," ते म्हणाले.

घराण्यातली पहिली पदवी मी मिळवली, तीही पहिल्या वर्गात. आणि आबांना त्यांचं रान मेल्याचं मीच सांगितलं.