रसूलचाचांची वजाबाकी

रसूलचाचांना गाडी लागायची. एसटीत बसले की मिरज यायच्या आत त्यांचा चेहरा पिवळा पडायचा, म्हणून ते कुठंही सायकलवरून जायचे, आणि सायकल नेईल तेवढंच त्यांचं जग. असा हा माणूस कुपवाडला तात्यांच्या ट्रान्सपोर्टमध्ये बावीस वर्षं अठरा ट्रकांचा कारभार बघत होता. खंबाटकीचा घाट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण भरलेली गाडी त्या घाटात कुठल्या वळणावर दम खाते, हे ते खुर्चीत बसून सांगायचे आणि ते बरोबर निघायचं.

मी तिथं लागले १९९८ च्या जानेवारीत. सांगलीत सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि माझी तिखट जीभ घेऊन घरी बसण्यापेक्षा ही कुठंतरी कामाला लागलेली बरी, असं आमच्या घरच्यांचं मत होतं. तात्यांचा भाचा सुमंत पुण्याहून शिकून आला होता. त्यानंच मामाच्या मागं लागून कॉम्प्युटर आणायला लावला. तात्यांनी त्याची साग्रसंगीत पूजा केली, नारळ फोडला आणि कुंकवानं थेट पडद्यावरच स्वस्तिक काढलं. पुसायची माझी हिंमत नव्हती. त्यामुळं पुढं कितीतरी महिने साताऱ्याच्या गाड्या मला स्वस्तिकाखालून डोकावून बघाव्या लागल्या. खोलीबाहेर चपला काढायचा नियमही तात्यांचाच. ड्रायव्हर लोक दारात हात जोडूनच उभे राहायचे.

सुमंतनं केलं होतं ते मात्र खरंच डोक्याचं काम होतं, हे मी त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही तरी इथं सांगते. कुपवाड, सातारा आणि लोणंद अशा तीन ठिकाणी कॉम्प्युटर, आणि ते टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी बोलणार. कुठं कुणाचा माल पडून आहे ते त्या त्या ऑफिसनं भरायचं. ड्रायव्हरनं वाटेतल्या एसटीडी बूथवरून फोन करायचा की अमुक ठिकाणी पोचलो, गाडी रिकामी झाली. की मशीन लगेच सांगणार, ह्या रिकाम्या गाडीला सगळ्यांत जवळचा माल कुठला.

आधी काय व्हायचं? आमची गाडी कुपवाडचं लोखंडी कास्टिंग लोणंदला उतरवायची आणि ड्रायव्हर लिंबाखाली दोन दिवस पथारी पसरायचा. तिथून चार गल्ल्या सोडून शालूबाईंची कांद्याची अडत. तिथं सांगलीला जायच्या कांद्याला मोड यायचे आणि शालूबाई गाडीच्या नावानं शंख करत बसायच्या. त्याला ती दिसायची नाही, तिला तो दिसायचा नाही. आता दोघंही एका पडद्यावर दिसायला लागले. रसूलचाचांनीही ते पहिल्या आठवड्यातच मान्य केलं. म्हणाले, "ह्यो डबा लय शाना हाय, पोरी. फकस्त भोळा हाय."

तात्यांनी फर्मान काढलं, की जूनअखेरपर्यंत दोन्ही चालू ठेवायचं. चाचांनी त्यांच्या पद्धतीनं गाड्या लावाव्यात, डब्यानं त्याच्या. डबा जमला तर एक जुलैपासून रसूलभाईंनी घरी आराम करायचा. तात्या हे मायेनंच बोलले होते. पण त्या दुपारी चाचांनी जेवणाच्या डब्यातली भाकरी तशीच ठेवली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, घरी खायला-प्यायला काही कमी नाही, पोरगी मुबश्शिरा तर कधीची बस म्हणतेय. "पन घरात मला कोन इचारनार, गाडी कुठं हाय म्हनून? धा वर्सांपूर्वीच्या पंक्चरीच्या गोष्टी सांगत बसू व्हय बायकूला?"

मला तेव्हा वाईट वाटलं, पण माझीही नोकरी त्याच डब्यावर होती. वाईट वाटून घेण्यापलीकडं मी काही केलं नाही.

डबा भोळा म्हणजे काय, ते मला फेब्रुवारीत कळलं. आमच्याकडच्या एकाही ड्रायव्हरनं आपण कुठं आहोत हे आयुष्यात खरं सांगितलं नव्हतं. त्यात पाप आहे असं कुणाला वाटतही नव्हतं. लग्नाला निघालेला माणूस अंघोळीला बसता बसता 'वाटेत आहे' म्हणून निरोप देतो ना, तसलाच प्रकार. माल घेणारा फोनवर ओरडतो, त्याला गार करायला दहा गावं पुढचं नाव सांगायचं, एवढाच रिवाज. मशीन मात्र सांगितलं ते खरं धरायचं. गाडी कराडला असायची आणि आम्ही तिच्यासाठी लोणंदला हमाल उभे करायचो.

ज्योतिबा तर सरळ दोन तास पुढचं सांगायचा. दादासोचं खोटं वारावर होतं. शनिवारी त्याचा मारुतीचा उपास, त्या दिवशी तो शब्दाला पक्का. रविवारपासून पुन्हा सुरू. आणि दिलशाद उलटं खोटं बोलायचा. गाडी कधीच मिरजेत घरासमोर लावून झालेली असायची, हा निवांत झोप काढून उठायचा आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून सांगायचा, कराडात पंक्चर काढतोय. अर्ध्या तासानं तो ऑफिसात हजर झाला की मशीनच्या मते त्यानं कराड ते कुपवाड विमानानं पार केलेलं असायचं. सुमंत डोकं धरून बसायचा.

चाचांचं मात्र कधी चुकायचं नाही. फोन ठेवला की क्षणभर छताकडं बघायचे आणि बरोबर ठिकाण सांगायचे. प्रत्येकाचं खोटं त्यांना पाठ होतं. मी एकदा म्हटलं, चाचा, एवढं मला सांगा, मी मशीनमध्ये घालते. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, माणसाचं खोटं ही त्याच्या घरची वस्तू असते, चव्हाट्यावर मांडायची नसते. मला वाटलं, म्हातारा खुर्ची राखतोय. मनातल्या मनात मी त्यांना दोन शब्दही सुनावले. ते आज परत घेते.

मग पलंगांचं प्रकरण झालं. पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहाचे लोखंडी पलंग कुपवाडच्या वर्कशॉपमधून घेऊन ज्योतिबा निघाला होता. पलंग उतरवून परत येताना वाईतून हळद भरायची आणि सांगलीच्या मार्केटला आणायची, असा सुमंतनं मशीनवर सुंदर बेत जुळवला होता. अकराला ज्योतिबाचा फोन आला, सातारा सोडला. आम्ही शाळेला एकची वेळ दिली आणि हळदवाल्याला तीनची. वीस हमाल शाळेच्या फाटकात उभे राहिले, प्राचार्य उभे राहिले, आणि गाडी उगवली तीनला. ती रिकामी होऊन वाईला उतरेपर्यंत हळदवाल्यानं दुसरा ट्रक भरून लावून दिला होता. वाईहून आमची गाडी रिकामी परतली, आणि शाळेच्या प्राचार्यांनी तात्यांना फोनवर इंग्रजीतून जे ऐकवलं ते तात्यांना कळलं नाही हे एक बरं झालं.

सुमंत तसा मवाळ मुलगा, पण त्या दिवशी भडकला. खोटं बोलणारा माणूस नको, ज्योतिबाला सोमवारपासून बंद, म्हणाला. तात्यांनीही मान हलवली. चाचा खुर्चीतून उठले, दाराशी चपला काढल्या आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटरच्या खोलीत आले.

"त्याला काडू नगा, सुमंतराव. उंब्रजला आई हाय त्याची. त्यो पानावर बसल्याबिगर म्हातारी घास घेत न्हाई. त्यो सातारा सोडला म्हनला, की दोन तास वजा करा. झालं."

 सुमंतनं हळूच विचारलं, की बाकीच्यांचं काय. आता हे टाळतील असं मला वाटलं. पण चाचांनी स्टूल ओढलं. एकट्या ज्योतिबाचं उघडं पाडून बाकीच्यांचं झाकून ठेवलं, तर तोच एकटा खोटारडा ठरला असता. ते मला म्हणाले, "लिव, पोरी."

दोन चहा होईस्तोवर त्यांनी अठराही जणांचं सांगितलं. कोण कुठं किती फुगवतो, कुणाचं बायकोच्या माहेराजवळ वाढतं, कुणाचं पावसाळ्यात कमी होतं. मी नवा रकाना केला आणि त्याला नाव दिलं 'वजा'. दादासोसाठी शनिवारचं वेगळं गणित घातलं. दिलशादसाठी वजाच्या जागी अधिक. सुमंत आनंदानं टेबल बडवत होता. मला मात्र हात धुवून यावंसं वाटलं. एका ड्रायव्हरची नोकरी वाचवायला चाचांनी आपली बावीस वर्षं माझ्या हातानं मशीनमध्ये भरली होती, आणि ते त्यांना पुरतं कळत होतं.

डबा आता चुकेनासा झाला. मे महिन्यात लोणंदहून एकच गाडी रिकामी आली, तीही ड्रायव्हर शालूबाईंशी भांडला म्हणून. तात्या येईल त्याला पडदा दाखवायचे. चाचांचा फोन वाजेनासा झाला. ते सकाळी यायचे, आपल्या टेबलावरचे दोन्ही फोन फडक्यानं पुसायचे आणि दिवसभर वर्तमानपत्र वाचायचे, नंतर नंतर तर जाहिरातींसकट.

तीस जूनला अकरा वाजता निरोप ठरला. शाल, नारळ, हार आणि तात्यांचं भाषण. कामं खोळंबू नयेत म्हणून सुमंतनं सक्त सांगितलं होतं, की जवळपास असतील त्या चार गाड्यांनीच यावं. बाकीच्यांना त्यानं मशीनवरून माल लावून दिले होते. सकाळपासून फोनही रीतसर येत होते. सातारा सोडला, लोणंदला पोचलो, वाईत भरतोय. मी वजा करून करून भरत होते. पडद्यावर सगळं शिस्तीत होतं.

साडेदहाला गल्लीत हॉर्न वाजायला लागले. बाहेर येऊन बघते तर अठराच्या अठरा गाड्या दारात. पुढची पाचर मारल्यासारखी वळणावर अडकलेली, मागच्या पार कुपवाड फाट्यापर्यंत. दादासोच्या हातात झेंडूचा हार. दिलशाद चक्क जागा. ज्योतिबा तर उंब्रजला थांबलाच नव्हता. त्यानं आईलाच केबिनमध्ये बसवून आणलं होतं. म्हातारी भाकरीचं गठुडं मांडीवर घेऊन उतरली आणि मलाच विचारायला लागली, की रसूलभाऊ कंचं.

सगळ्यांनी फोन केले होते ते वाटेतूनच, पण कुपवाडच्या वाटेवरून. एवढ्या लांबचं खोटं त्यांच्यातला एकही जण पूर्वी कधी बोलला नव्हता. आमच्या रकान्यात त्याची सोयच नव्हती.

हार पडले, शाल पांघरली, म्हातारीनं चाचांना भाकरीचा तुकडा भरवला. तात्या भाषणाला उभे राहिले आणि आत चारी फोन एकदम खणखणायला लागले. साताऱ्याला माल वाट बघत होता, वाईला हळद, लोणंदला शालूबाई. मशीन म्हणत होतं, सगळ्या गाड्या जागेवर आहेत. सुमंत एकेक गाडी कुपवाडला आणायला गेला, तर मशीन घेईना. सकाळी लोणंदला पोचलेली गाडी साडेदहाला इथं कशी, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. सुमंतला घाम फुटला.

चाचांनी हारासकट खुर्ची धरली. फोनवर सगळ्यांना खरं सांगून टाकलं, की गाड्या माझ्या दारात आहेत, चूक माझ्या पोरांची आहे, एवढ्या एवढ्या वेळात सोडतो. मग खिडकीतून ओरडून त्यांनी शेवटची गाडी आधी मागं काढायला लावली. कुपवाडचाच तयार माल ज्यांना वाटेत पडत होता त्यांना तो भरून दिला, एकाही गाडीला रिकामं जाऊ दिलं नाही. हे सगळं मला सांगत होते, मी मशीनमध्ये शोधत होते कुणाचा माल कुठं आहे, आणि ते त्याला गाडी जुळवत होते. आम्ही दोघं मिळून इतक्या झपाट्यानं कधी काम केलं नव्हतं. तीनपर्यंत गल्ली मोकळी झाली. तात्यांचं भाषण खिशातच राहिलं.

चाचा उठले. हार काढून त्यांनी टेबलावर ठेवला, शालीची नीट घडी घातली आणि तात्यांना म्हणाले, "येतो मग."  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सुमंतनं घेतला. पलीकडून शालूबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. सुमंतनं पडद्यावर बघून सांगितलं, की लोणंदला सोडलेली ज्योतिबाची गाडी पेठ नाक्याला आहे. शालूबाईंनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. त्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं, एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा मामाकडं, आणि रिसीव्हर पुढं केला.

"चाचा, तुम्हाला मागतायत. गाडी कुठं आहे, ते तुमच्याच तोंडून ऐकायचंय म्हणतात. उद्या सकाळीही फोन करणार आहेत."

चाचांनी तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "अरे घे की. बाई खोळंबल्यात."

चाचांनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, खाली बसले आणि फोन कानाला लावून छताकडं बघितलं.