आईनं दिलेली साक्ष

मी बरी झाले, असं माझ्या आईनं सगळ्या मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्यानंतर ती चार महिने जगली. त्या चार महिन्यांत तिला दुखत होतं, आणि दुखतंय असं म्हणायची आमच्या घरात तिला बंदी होती. बंदी घालणाऱ्यांत बाबा होते, पाळकसाहेब होते आणि तेरा वर्षांची मी होते. त्या दोघांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. ते सोपं होतं.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. पनवेलमध्ये आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाबा शाळामास्तर, म्हणून रविवारची उपासना आमच्याच ओटीवर व्हायची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा मुंबईहून येत, एरवी बाबाच शास्त्र वाचत. आईच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं तेव्हा बाजारातल्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या, उशीर करू नका." बाबांनी घरी येऊन पाळकसाहेबांना कार्ड टाकलं.

ते आले. त्यांनी आईच्या कपाळाला तेल लावलं आणि सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितले. आईलाही टेकायला लावले. लीन झाल्याशिवाय मागणं वर पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रार्थना खूप लांबली, बायका रडल्या, मीही रडले. आई उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खरंच तजेला होता. "आता दुखतंय का, बाई?" पाळकसाहेबांनी विचारलं. "आत्ता तरी नाही," आई म्हणाली. त्यातलं 'आत्ता तरी' कुणी ऐकलंच नाही.

आमच्यात बऱ्या झालेल्या माणसानं मंडळीपुढे साक्ष द्यायची असते. महिना-दोन महिने जाऊ देतात, मग देतात. पण पाळकसाहेब म्हणाले, खात्री पटल्यावर कुणीही देईल. विश्वास असेल तर आजच द्या. आई चार माणसांत पाणी मागायलाही लाजणारी. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "प्रभूनं मला बरं केलं." सगळे आमेन म्हणाले. माझा आमेन सर्वांत मोठा होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी वाण्याला सांगितलं, शिंप्याला सांगितलं, मुद्दाम दवाखान्यात जाऊन डॉक्टरांनाही सांगितलं. आठवड्यात दुखणं परत आलं. पण आता आईला डॉक्टरकडे नेणं म्हणजे देवाला भर बाजारात खोटं पाडणं. नाव देवाचं होतं. कापलं जाणार होतं ते बाबांचं नाक.

मग आई पदराचा बोळा तोंडात धरून भाकऱ्या थापू लागली. मला ते दिसत होतं. दिसत होतं आणि रागही येत होता, तिचाच. शाळेत मी आईच्या चमत्कारावर मिरवत होते, आणि ही बाई घरात वाकून चालत होती!

आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीण मात्र टोपली उतरवता उतरवता एक दिवस म्हणाली, "बाय, तुजा तोंड पिवला झालाय. डाक्तरला दाव."

"मी बरी आहे," आई म्हणाली.

"बरी हाय तर भिंत धरून का चालतेस?"

आई निवटे मासे घेऊन आत गेली.

पंधरा दिवसांनी तांदळाच्या डब्यात हात घातला तर माझ्या हाताला बाटली लागली. दवाखान्याची, लाल औषधाची; डोसाच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली. दोन डोस गेलेले. कोळणीनं गुपचूप आणून दिली होती. मी बाटली तशीच बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. हौस माझी.

बाबा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. पुढच्या रविवारी पाळकसाहेब आल्यावर आईनं मंडळीसमोर गुडघे टेकून अविश्वासाबद्दल क्षमा मागितली. उठताना तिला दोघींनी धरलं. पाळकसाहेब म्हणाले, "लीनता म्हणजे काय ते या बहिणीकडून शिका." आणि बाटली मोरीत ओतायचा मान मला मिळाला. मान म्हणते, कारण तेव्हा मला तो मानच वाटला.

त्यानंतर महिन्याभरानं, एका सकाळी आई उठलीच नाही. मी आरशासमोर स्वतःच वेणी घालत होते, ती वाकडी होत होती म्हणून आधीच चिडले होते. आतून आईची हाक आली. "फडकं गरम करून जरा पोट शेकून देतेस?"

मी दारातूनच म्हणाले, "आई, तू साक्ष दिली आहेस ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग झोपल्या झोपल्या दोन्ही हात जोडले. मला, पोटच्या पोरीला. "चुकलं गं माझं. मला माफ कर. पण फार दुखतंय."

"मला नको सांगूस, प्रभूला सांग," मी म्हणाले, आणि दप्तर उचलून शाळेत गेले. बाबा माझ्या आधीच गेले होते.

संध्याकाळी परतले तेव्हा ओटीवर माशांची टोपली तशीच होती, माश्या घोंगावत होत्या. आत कोळीण आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तवा होता, तव्यावर माझ्याच जुन्या परकराचं फडकं होतं. "लय येल हाका मारत होती तुला," एवढंच ती म्हणाली. आई गेलेली होती.

दफनाआधी मंडळी ओटीवर जमली. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, शेवटच्या सकाळी आईजवळ तूच होतीस. दोन शब्द साक्षीचे बोल." बाबा माझ्याकडे बघत होते. सगळे बघत होते. मी भिंतीला धरून उभी राहिले, आई राहिली होती तिथेच.

"आईला शेवटी काहीच दुखलं नाही," मी म्हणाले.

सगळे आमेन म्हणाले. कोळीण पायरीखाली उभी होती, टोपली न घेता आली होती. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे मिटून घेतले.