मायला माय म्हणणाऱ्या दोघी

माय गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात कामावर होते. पांढुर्ण्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती. घरात बायांची दाटी होती आणि मायच्या उशाशी छाया बसली होती, माझ्या थोरल्या बहिणीची, कमलताईची मुलगी. येणारी प्रत्येक बाई आधी तिच्याच गळ्यात पडून रडत होती. कोणीतरी सरकून मला जागा करून दिली, पण ती मायच्या पायाशी... त्याही क्षणी मनात आलं, पोटची लेक मी, आणि उशाशी ही! आता काही आठवडे उलटले, तरी ती सल जात नाही. जाणार कशी, ती फार जुनी आहे.

ऐंशी सालच्या आगेमागे कमलताई पहिल्या बाळंतपणाला सौंसरहून माहेरी आली ती परत गेलीच नाही. छाया जन्मली आणि थोड्याच दिवसांत ताई गेली. भाऊजी सौंसरला एकटे, तान्हं पोर तिथे कोण सांभाळणार? छाया आमच्याकडेच राहिली. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. शेंडेफळ, मायच्या कुशीत झोपणारी. त्या कुशीत आता छाया आली आणि माझं अंथरूण बाबांच्या खाटेजवळ गेलं.

घरात कानावर पडेल तेच छाया बोलू लागली. माय बाबांना ‘आयकलं का?’ अशी हाक मारायची, म्हणून छायाच्या लेखी आजोबांचं नावच ‘आयकलंका’ झालं. बाबा संत्र्याच्या बागेतून आले की ही दुडदुडत धावायची, “आयकलंका आले! आयकलंका आले!” सगळे हसायचे, मीही हसायची. पण माझं ऐकून ती मायला माय म्हणू लागली, तेव्हा मला हसू आलं नाही.

“आजी म्हण तिले,” मी दटावलं. “ते माही माय होय. तुही नाही.”

छायानं मायचा पदर घट्ट धरला. माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग तिनं माय कोणाले म्हणावं वं? तूच सांग.”

पुढे आम्ही दोघींनी एकदम हाक मारली तर माय आधी तिच्याकडे बघायची. मी ते नेमकं टिपायची.

छाया शाळेच्या वयाची झाली तेव्हा भाऊजींनी दुसरं लग्न केलं. रामाकोना गावची मुलगी, समजूतदार. दिवाळीनंतर दोघं छायाला न्यायला येणार असं ठरलं, आणि मायनं तिला समोर बसवून सांगितलं, “आता मले आजी म्हणायचं. तुही आई सौंसरले हाये.” छाया हट्टी. ती ‘माय’च म्हणायची, आणि माय ओ द्यायची नाही. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. माझा शब्द मला परत मिळत होता.

एका दुपारी छाया अंगणात सोडलेल्या बैलबंडीवरून पडली. गुडघा फुटला. “माय वं! माय!” तिनं टाहो फोडला. माय दारापर्यंत आली आणि चौकट धरून तिथेच थांबली. मी धावायला निघाले तर हातानं मला अडवलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण पाय हलत नव्हता. शेवटी हुंदक्यांतून आलं, “आ...जी...” तेव्हा माय जी धावली! मातीसकट पोरीला छातीशी धरलं.

“मलेच माय म्हणत राह्यली त त्या बाईले काय म्हणन?” मला ती नंतर म्हणाली. मला ते कळलंही असेल. पण डोळ्यांपुढे होता तो तिचा चेहरा. माझ्यासाठी ती अशी कधी रडली नव्हती. कशाला रडेल, मी कुठे जाणार होते?

छाया सौंसरच्या बसमध्ये चढली. मायची कूस मोकळी झाली, पण मी शाळेतून येऊन “माय” म्हटलं की ती चपापून दाराकडे बघायची. मग मी दिसायची. “तू होय काय...” म्हणायची आणि कामाला लागायची. ते ‘तू होय काय’ मी वर्षानुवर्षं ऐकलं.

सौंसरची ती बाई छायाची खरोखर आई झाली. छायाचं लग्नही सौंसरातच झालं. ती पांढुर्ण्याला सारखी येत राहिली, ‘आजी, आजी’ करत.

शेवटच्या भेटीत मी मायला पेज भरवत होते. ती अंथरुणाला खिळलेली. तेवढ्यात छाया आली. “कशी हायेस वं आजी?”

मायनं माझा हात बाजूला सारला. “छाया, तुह्या सौंसरच्या आईले तिचं आईपण भेटलं. आता मले माय म्हण.”

छाया तिच्या उशाशी बसली. “माय...”

“ओ,” माय म्हणाली. “अजून म्हण.”

मला राहवलं नाही. “माय, पेज थंडी होऊन राह्यली.”

“होऊ दे,” माय म्हणाली. नजर छायावरच. “तू तं जलमभर म्हणतच आली वं.”

मी वाटी उचलली आणि पेज पुन्हा गॅसवर ठेवली. आतून हाक येत होती, पाठोपाठ ओ येत होती... पेज उतू गेली तरी मी ऐकतच राहिले.