अक्काची कायद्याची दुपार

फोनवर भाचा फक्त "मावशी…" एवढंच म्हणाला. त्या घरून फोन आला की मागे चटईच्या मागांचा खडखडाट हमखास ऐकू यायचा. त्या दिवशी तो नव्हता. त्यावरूनच मला कळलं की माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली. धुळ्याहून जळगावची बस धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, दोन्हीकडे वेचणी झालेली कपाशी उभी होती, आणि मी झोपेत की जागी ते मलाच कळत नव्हतं. डोळ्यांपुढे सारखी कारखान्यातली तिची छोटी केबिन येत होती. खिडकीबाहेर वाळायला टांगलेल्या चटया, त्यांच्यातून गाळून आलेला हिरवा-तांबडा उजेड, आणि त्या उजेडात ओठ हलवत वाचणारी अक्का…

ती वाचायची ते कायदे. दाजी गेले तेव्हा प्लॅस्टिकच्या चटयांचा हा कारखाना आणि वीस-बावीस माणसं तिच्या पदरात पडली. शिक्षण दहावीपर्यंतचं. पहिल्याच वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरच्या फलकाकडे पाहून शांतपणे सांगितलं, "ताई, हा नियम केव्हाच बदलला." साहेब रागावले नाहीत, दंडही झाला नाही, पण तिला फार लागलं. आपण माणसांना जुनंच वाचायला लावतोय, हे तिच्या मनातून जाईना. तेव्हापासून जेवणानंतरचा तास कायद्याचा. कुणाकडून तरी राजपत्राच्या प्रती मागवायची, वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवायची, आणि अडलं की मला फोन करायची, कारण मी मराठीची शिक्षिका. "शोभा, हे 'तथापि' आलं की मला भीती वाटते बघ. आधी दिलेलं पुढे काढून घेतात." मी हसायचे. पण खरंच तसंच असायचं.

एकदा मी असंच बोलता बोलता म्हटलं, की आमच्या शेजारची बँकेतली मुलगी बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेवर आहे.  तिने हळूच विचारलं, "सव्वीस? बारा ना?" बदलून काही महिने झाले, असं मी सांगितलं. तिच्याकडे शिलाईवर असलेली रंजना पहिल्या बाळंतपणाच्या बारा आठवड्यांनंतर आदल्याच सोमवारी कामावर परतली होती. जेवणाच्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून दुधाने भिजलेला पदर पिळायची, हे अक्काने पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि बाईच्या जन्माला हे असतंच, असं म्हणून सोडून दिलं होतं.

त्याच दुपारी तिने रंजनाला घरी पाठवलं. राहिलेली रजा पुरी करून ये, पगार चालू राहील, असं सांगितलं म्हणे. पण मागांच्या आवाजात रंजनाला ऐकू आलं ते 'घरी जा' एवढंच. दुसऱ्या दिवशी तिची सासू कारखान्याच्या दारात येऊन बसली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "तिनी काय चूक शे, अक्का?"

अक्का तिच्यासोबत रिक्षाने त्यांच्या गावी गेली. मी त्याच सकाळी सुट्टीसाठी तिच्याकडे आले होते, म्हणून मलाही नेलं. निंबाखाली खाट, झोळीत झोपलेली पोर, आणि रडून डोळे सुजलेली रंजना. अक्काने वही उघडली, पण वाचलं नाही. मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. कायदा बदलला होता, मला माहीत नव्हतं. हे दिवस तुझे आहेत. मी देत नाहीये, मी अडवले होते." सासूने एकच विचारलं, "मंग तिनी जागा राही का?" राहील, असं अक्काने सांगितलं, आणि तसं कागदावर लिहून, सही करून दिलं. येताना रिक्षात तिने वही पुन्हा उघडली. बाहेर केळीच्या बागा मागे सरत होत्या. मी मालक असते तर कुणापुढे तिच्यासारखी चूक कबूल केली असती का, असं मला वाटत राहिलं. अजूनही वाटतं.

आता कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्या. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र द्यायचं, हे वाचून ती हरखली होती. पत्रात रुजू झाल्याची तारीख हवी, म्हणून एकेकाला बोलावून विचारत होती. सर्वांत जुने, मागावरचे भिका आबा. त्यांना तारीख आठवेना. पहिली हिरवी चटई निघाली त्या आठवड्यात आलो, एवढंच ते सांगत. अक्काने मला फोन केला. मला आठवत होतं. त्याच चटया माझ्या लग्नाच्या मांडवात अंथरल्या होत्या, रंगाचा वास अजून गेला नव्हता… मग आम्ही दोघी बहिणी कितीतरी वेळ आठवणींत मागे मागे चालत गेलो, आणि लग्नाच्या आधीचा सोमवार आबांची तारीख ठरली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

दिवसकार्य झाल्यावर भाच्याने मला केबिनमध्ये नेलं. टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता, सगळ्यांवर सह्या झालेल्या. एकेक जण येऊन आपलं पत्र घेऊन गेला. रंजनाने आपलं कपाळाला लावलं. आबा मात्र दारातच थांबले. म्हणाले, "माले वाचता येत नई. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. नाव, गाव, काम, तो सोमवार, सुट्ट्या, रजा… मागावर परतायची वेळ झाली होती, तरी आबांनी कुठे थांबवलं नाही. टोपी हातात धरून ते ऐकत राहिले. सगळ्यात खाली अक्काची सही होती. तीही मी वाचली.