मामांचा आठ किलोचा गोळा

जगातली सगळी काळजी देवाने माझ्या मामांवर सोपवली आहे आणि तो स्वतः निर्धास्त झोपला आहे, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे. बडोद्याजवळच्या एका रिफायनरीत मामा सेफ्टी खात्यात होते, तेव्हा निदान या काळजीचा पगार तरी मिळायचा. निवृत्त झाले आणि सगळी काळजी फुकटात घरी आली. करजणला लग्नाला निघालेले मामा हायवेवरून परत फिरले, कारण गॅस बंद केल्याचं त्यांना आठवत होतं, पण बंद केलेला गॅस डोळ्यांपुढे येत नव्हता. हिंचक्यावर बसण्याआधी ते चारही कड्या ओढून बघतात आणि पाहुण्यांनाही तसं करायला लावतात. पाणीगेटच्या त्यांच्या फ्लॅटच्या दाराला आतून तीन कड्या आहेत. "एक तुटली तर?" असं ते विचारतात. आणि दुसरी तुटली तर? "म्हणून तर तिसरी लावली ने!"

या कड्याच गेल्या वर्षी अंगाशी आल्या. मामी बाथरूममध्ये घसरून पडली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे स्वतः उठता येईना. मामांनी काखेत हात घालून ओढलं, पण ती तसूभर हलली नाही. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे मोटाभाई धावत आले आणि दार ठोकत बसले. आत मामा मामीचा हात सोडायला तयार नाहीत. शेवटी मामीच म्हणाली, "अहो, मी कुठे पळून जातेय? कड्या काढा आधी!" हाड वगैरे मोडलं नाही. मामी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला खो खो हसत सांगायची. मामा हसत नसत. ती बाथरूममध्ये गेली की बाहेर उभे राहून "आहेस ना गं?" विचारत. एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पुन्हा पडली आणि मोटाभाई गावाला गेलेले असले तर?"

मामीला व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिने मामांना केटलबेल घ्यायला सांगितलं. म्हणजे वर चहाच्या किटलीसारखी कडी असलेला लोखंडी गोळा. तो जमिनीवरून नीट उचलायला शिका, म्हणजे माणूस उचलायची सवय होईल, असं तिचं म्हणणं. पण किती किलोचा? इथे मामांची झोप उडाली. हलका घेतला तर ऐन वेळी ताकद कमी पडेल, जड घेतला तर पाठ जाईल. "आणि पाठ गेली तर मला कोण उचलणार? ही?" रिफायनरीच्या शिस्तीप्रमाणे आधी चाचणी झाली. कापडी पिशवीत तूरडाळीची पाकिटं एकेक टाकत मामा ती उचलून बघत होते आणि त्यांचा चेहरा कधी लाल होतो ते मी बघायचं होतं. लाल झाला, तशी पिशवी घेऊन ते खाली रद्दीवाल्याच्या काट्यावर गेले. तो बिचारा पिशवीत डोकावून विचारतो, "काका, पस्ती क्यां छे?" म्हणजे यात रद्दी कुठाय? नऊ किलोला जरा कमी भरली. व्यायामाच्या सामानाचा दुकानदारही म्हणाला, "काका, आठवाळुं लई जाव ने, आरामथी फावशे." आठाचा घेतला. प्रश्न मिटला, असं मला वाटलं.

पण मध्ये दसरा आला. मामांचे पणजोबा बडोदा संस्थानाच्या फौजेत होते. ते फिरवायचे तो लाकडी मुद्गल दर दसऱ्याला पाटावर पुजला जातो. व्यायामाचं साधन म्हणून मामांनी गोळाही शेजारी मांडला, त्याला झेंडूची माळ घातली, आणि बघतच राहिले. त्या मुद्गलापुढे तो गोळा अगदीच केविलवाणा दिसत होता. "पणजोबा काय म्हणतील गं?" आयुष्यभर हेल्मेटशिवाय शिडी न चढलेला हा माणूस तडक दुकानात गेला आणि गोळा बदलून सोळाचा घेऊन आला. पूजा थाटात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वाकले ते वाकलेलेच राहिले. मामी आपला गुडघा सांभाळत त्यांना गरम पाण्याची पिशवी आणून देत होती आणि म्हणत होती, "पणजोबांना बोलावू का उचलायला?"

पाठ सुटल्यावर पुन्हा आठाचा आला. मग मात्र मामा रोज त्या मुलीच्या धाकात उभे राहू लागले. पाय फाकवून, पाठ ताठ, कमरेतून नाही तर खुब्यातून वाकायचं, श्वास कोंडायचा नाही. हळूहळू गोळ्याचं वजन वाढत गेलं, तरी मामांची भीती काही कमी होईना. लोखंड वेगळं आणि माणूस वेगळा, म्हणायचे.

या उन्हाळ्यात मी छुंद्यासाठी कैऱ्या किसत होते, तेव्हा मामीला चक्कर आली आणि ती स्वयंपाकघरात खाली बसली. मी धावले, तर मामांनी मला हाताने अडवलं. "थांब. हे माझं काम आहे." पाय फाकवले, पाठ ताठ केली, खुब्यातून वाकले, आणि मामी एका दमात खुर्चीवर! मी तर टाळ्याच वाजवल्या. डॉक्टर येऊन बघून गेले. काळजीचं काही नाही, वयाने अशक्तपणा आलाय, जरा खाण्याकडे बघा, म्हणाले.

मामा हिंचक्यावर जाऊन बसले. कड्या ओढून न बघता. मी म्हटलं, "मामा, जमलं की तुम्हाला!"

"जमलं गं," ते म्हणाले. "पण हाताला वजन असं लागलंच नाही. कधी एवढी हलकी झाली ही? मी आपला रोज फरशी ओली आहे का, तेच बघत राहिलो."

गोळा अजून कोपऱ्यात आहे आणि मामा तो रोज उचलतात. बाथरूमबाहेर मात्र आता उभे राहत नाहीत, मामीच्या ताटापाशी बसतात आणि तिच्या खिचडीवर तूप वाढत राहतात. मी फोन केला की 'हॅलो'च्या आधी सांगतात, "जेवली हं आज." मला हसू येतं, आणि बोलणं संपल्यावरही मी बराच वेळ फोन हातात धरून बसते.