हिंगाला रोज एक तांब्या

माझ्या सासऱ्यांना माझ्या हातचं वरण कधीच आवडलं नाही. सासूबाई गेल्यावर ते लंडनला, स्टॅनमोरमध्ये आमच्याकडे राहायला आले, आणि तेव्हापासून रोज पहिल्या घासाला एकच वाक्य: "सूनबाई, हा हिंग नाही, कणीक आहे. तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का?" पाहुणे असले की जरा मोठ्यानं. नवरा आपला ताटात बघत बसायचा. असा संताप यायचा ना, वाटायचं, वाटी म्हाताऱ्याच्या डोक्यावर उपडी करावी!

मग त्यांनी खरा हिंग घरीच पिकवायचं मनावर घेतलं. कुणाकडून तरी बिया मिळवल्या आणि ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन महिने माझ्या फ्रिजमध्ये ठेवल्या, कारण थंडी खाल्ल्याशिवाय त्या उगवत नाहीत म्हणे. दहा-बारा रोपांतलं एक जगलं. ते गार्डनमध्ये शेडच्या भिंतीला, प्लॅस्टिकच्या छपराखाली, निम्मी खडी भरलेल्या पिंपात. हिंगाला थंडी हवी पण ओल चालत नाही, आणि इथे तर बारा महिने पिरपिर. थेंब पडला की सासरे चपला सरकवून छप्पर बघायला धावायचे. अशी पाच वर्षं. येत्या मार्चमध्ये मुळाला चीर द्यायची, चीक गळेल, तो वाळला की झाला खडा हिंग. "हिच्यासारखं वरण एकदा जेवतो, मग मरायला मोकळा," असं इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगत फिरायचे. हिच्यासारखं म्हणजे सासूबाईंसारखं.

जूनमध्ये ते दोन महिने पुण्याला गेले. जाताना मला बजावलं, "उन्हाळ्यात पानं वाळतील, झाड झोपतं. पाण्याचा थेंब घालायचा नाही, मूळ सडेल. एवढं तरी जमेल ना?"

त्याच आठवड्यात माझी आई नाशिकहून आली. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय ती चहा घेत नाही, आणि आमची तुळस तर दर थंडीत मरते. तिसऱ्या दिवशी ती गार्डनमधून आत आली. "अगं, त्या पिंपातल्या बिचाऱ्याला कुणी पाणी घालतं की नाही? पार वाळलंय."

मी ओट्यापाशी होते. मला सगळं माहीत होतं.

"घाल की," मी म्हटलं. "तुळशीला घालतेस तसं रोज घाल."

दोन महिने मी खिडकीतून बघितलं. आई पाणी घालायची, वर हात जोडायची. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती.

सासरे आले ते बॅग दारात टाकून थेट पिंपाकडे. बोटांनी माती उकरली. हाताला काळा लगदा लागला, आणि असा घाण वास की मी नाकाला पदर... नाही, टी-शर्टच लावला. आई कौतुकानं म्हणाली, "मी रोज पाणी घातलं हो, एक दिवस चुकवला नाही."

ते खाली मातीतच बसले. लहान पोरासारखे रडले. मग मान वर करून आईला म्हणाले, "बाई, तुमच्या हातात विष आहे." आणि मला, "तुला सांगून गेलो होतो ना मी?"

मी तोंड उघडायच्या आत आईनं हात जोडले. "तिला बोलू नका. ती नको म्हणत होती. माझंच चुकलं."

"हो," मी म्हटलं. "सांगितलं होतं मी तिला."

आता सासरे माझ्या वरणाला नावं ठेवत नाहीत. मुकाट्यानं जेवतात आणि उठतात. आई रविवारी व्हिडिओ कॉल करते. मागे बाल्कनीत तुळस दिसते, पाणी शेजारीण घालते. परवा मी विचारलं, तू का नाही घालत?

"नको गं, माझा हात वाईट आहे," आई म्हणाली. "आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. कामाच्या गडबडीत विसरलीस तू, एवढंच."

"हो ना," मी म्हटलं.