भाऊजींचा रणगाडा

ह्यांचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर तापीचं खोरं काढत होते. शाळेच्या वेळात हे कधी फोन करत नाहीत. "घरी ये," एवढंच म्हणाले आणि मीही पुढं काही विचारलं नाही. रिक्षात बसले तेव्हा खडू तसाच हातात होता. आमच्या राजपुऱ्यात शिरताना नेहमीसारखी गर्दी अडली होती, रिक्षावाला सगळ्या जगाला शिव्या घालत होता, आणि माझ्या डोक्यात सकाळचं बोलणं फिरत होतं. निघताना मी भाऊजींच्या खोलीत डोकावले होते. उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "वहिनी, आज लवकर या. चंद्रावर काम पडलंय आपलं." मी म्हटलं, "आधी पेज संपवा, मग चंद्र बघू." आमचं शेवटचं बोलणं हे असं... पेजेचं आणि चंद्राचं. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

सुधीर हे माझे धाकटे दीर. वयानं माझ्याहून लहान, पण आमच्याकडं दिराला भाऊजी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, तसं मी केलं आणि त्यांनीही मला केलं. पंचवीसेक वर्षं एका घरात राहिलो, भांडलो, एकमेकांच्या ताटातले पापड पळवले, पण आमचं 'तुम्ही' काही सुटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याचे उपकार लिहितात, स्वभाव लिहितात. भाऊजींचं तसंही पुष्कळ आहे. केळीच्या आडतीवर गाड्या भरून रवाना करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तिथली माणसं ते सांगतील. मला लिहायचंय एका कॉम्प्युटर गेमबद्दल. वाचणाऱ्याला हसू आलं तर खुशाल हसावं. आम्हीही पोट धरून हसायचो.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी घरात कॉम्प्युटर आला. भाऊजी तेव्हा कॉलेजात. हिशेबाला उपयोगी पडेल असं त्यांनी सासऱ्यांना पटवलं होतं. हिशेब त्यावर एकदाही झाला नाही. माडीवरच्या खोलीत, फुलाफुलांच्या झाकणाखाली तो ठेवलेला असायचा, शेजारी घरघरणारा टेबलफॅन. आणि इंदूरहून कुठूनशी आणलेली एक सीडी. त्या गेमचं खरं नाव आमच्या घरात कोणी कधी घेतलं नाही, सगळे त्याला रणगाडाच म्हणत. कधी चंद्राची, कधी परक्या ग्रहाची उजाड जमीन, काळं आभाळ, आणि आपण एका रणगाड्यात बसलेले. हा रणगाडा जमिनीला टेकत नसे, वीतभर वरून तरंगत जाई. समोरच्या काचेतून जेवढं दिसेल तेवढंच जग. इथपर्यंत ठीक होतं. पण लढता लढताच मागं तळ उभारायचा, मोडक्या यंत्रांचं भंगार गोळा करून त्यातून नव्या गाड्या बनवायच्या, कोणती गाडी कुठं जाईल ते ठरवायचं. एकाच माणसानं शिपाईही व्हायचं आणि सेनापतीही, आणि तेही एकाच वेळी.

मी गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन खाली चालले होते. खोलीतून हाक आली, "वहिनी, जरा इकडं या ना. माझे दोन हात कमी पडू राहिले." मी कपड्यांचा ढीग पोटाशी धरून उभी. "मी काय करू?"

"फक्त तीन नंबर दाबा. तीन! अहो, तीन!"

मला तीन सापडेपर्यंत आमचा रणगाडा उडाला होता. कपडे पलंगावर टाकून मी म्हटलं, परत लावा. तेव्हापासून ते खेळणं दोघांचं झालं. बनवणाऱ्यांनी एका माणसासाठी बनवलं असेल, आम्हाला काय त्याचं! माऊस त्यांच्याकडं, आकड्यांची बटणं माझ्याकडं. ते लढायचे, मी तळ सांभाळायचे. भंगार गोळा करणारी एक बिनहत्याराची गाडी होती, तिला मी भंगारवाला म्हणायचे आणि माझा सगळा जीव तिच्यात. भाऊजी ऐन लढाईत, आणि मी विचारतेय, "आपला भंगारवाला कुठं गेला हो?" ते कपाळावर हात मारून घ्यायचे. रणगाडा फुटला की आतला माणूस हवेत उडून खाली उतरायचा आणि त्या ओसाड जमिनीवर पायी पळत सुटायचा. मग ते ओरडायचे, "वहिनी, गाडी पाठवा! जल्दी!" मी रिकामी गाडी पाठवायची, ते आत चढायचे, की परत लढाई सुरू. एकदा त्यांचं "मारा वहिनी, मारा त्याला!" खालपर्यंत गेलं आणि सासूबाई पिठाचे हात घेऊन धावत वर आल्या. "कोणाला मारू राहिले रे?" "कोणाला नाही, आई," भाऊजी म्हणाले. "दुसऱ्या ग्रहावरचे आहेत." सासूबाई मला म्हणाल्या, "तिकडचं आवरलं की पोळ्या करायला ये."

आज हे गमतीचं वाटतं, पण त्या वेळी मला त्या खुर्चीचं किती अप्रूप होतं ते सांगून कळायचं नाही. नवी सून मी. काय शिजवायचं, कधी झोपायचं, माहेरी कधी जायचं, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. आणि त्या खोलीत मात्र मी सांगायचे आणि गाड्या निघायच्या. भाऊजींनी माझा हुकूम कधी हसण्यावारी नेला नाही. बी.एड.चा विषय निघाला आणि सासरे म्हणाले, घर सांभाळून हिला हे कसं झेपेल, तेव्हा भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "बाबा, वहिनी अख्खी फौज सांभाळतात. एक वर्ग काय चीज आहे?" कोणती फौज ते सासऱ्यांना कळलं नाही, पण ते हसले, आणि त्या हसण्यात माझं काम झालं. परीक्षेला मला स्कूटरवर सोडायलाही भाऊजीच आले होते. आज मी फळ्यासमोर उभी आहे ती त्यांच्यामुळं, हे मी त्यांना कधी सांगितलं की नाही, आठवत नाही. बहुतेक सांगितलं असावं... त्यांनी टिंगल करून उडवून लावलं असणार.

एकदा पाहुण्यांना घेऊन आम्ही सगळे असीरगढला गेलो होतो. लोक फोटो काढत होते आणि हे गृहस्थ तटावर उभे राहून खाली बघत होते. मला बोलावलं. खाली केळीचे मळे, रस्ता, मुंगीएवढे ट्रक. "वहिनी, खेळताना तुम्हाला असं दिसतं ना? वरून, सगळं?" मी म्हटलं, हो, साधारण असंच. "मला नाही दिसत," ते म्हणाले. "मला फक्त समोरचा दगड दिसतो. पण तुम्ही वर आहात हे माहीत असतं ना, मग टेन्शन नसतं."

गेमचा शेवटचा टप्पा मात्र आम्हाला कधी जमला नाही. कधी हरलो, कधी ऐन वेळी लाईट गेली. मग त्यांना आडतीवर काम लागलं, मला शाळा. कांचन त्यांची बायको होऊन आली, मुलं झाली, आणि कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात गरम होऊन बसला तो कायमचा. वर्षानुवर्षं रणगाड्याचं नाव निघालं नाही. क्वचित जेवताना ते कांचनला म्हणायचे, "भाजी संपली वाटतं, भंगारवाला पाठवा," आणि हसणारे आम्ही दोघंच.

आजार शर्टाच्या बटणापासून सुरू झाला. उजव्या हाताला बटण लागेना. मग पेन धरवेना, मग चमचा. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही ताकद आता जातच राहील. भाऊजींनी तिथून येताना गाडीत मावा जिलेबी मागवली आणि सगळ्यांना भरवायला लावली. माझा मुलगा पुण्याला असतो. त्यानं काकासाठी लॅपटॉप आणला आणि त्यात तो जुना गेम घालून दिला. आता तो नव्यानं, स्वच्छ चित्रांत निघालाय म्हणे. भाऊजींनी माऊसवर हात ठेवला. हात नुसताच राहिला. मग मला म्हणाले, "चला वहिनी, आता तुम्ही खाली उतरा. मी वर जातो."

अशा रीतीनं पन्नाशीला आलेली मी रणगाडा चालवायला शिकले. शाळा सुटली की चहा पिऊन त्यांच्या खोलीत. ते उशीला टेकून सांगणार, मी चालवणार, आणि बटणंही मीच दाबणार, पण त्यांच्या शब्दावर. "थांबा. डावीकडं बघा. आता दोन नंबर... मागं बघा वहिनी, नेहमी मागं बघायचं विसरता." दगडावर आपटले की ते इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा आणि कांचन येऊन मलाच रागवायची. हळूहळू आम्ही पुढं सरकलो, आणि शेवटचा टप्पा आला. तो आला आणि माझ्या मनात काय शिरलं कोण जाणे. वाटायला लागलं, हे संपलं की भाऊजींना थांबायला काही उरणार नाही. मी हरायला लागले. एका टेकडीमागं शत्रूची तोफ होती. मी रोज तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे. रोज उडायचे. रोज म्हणायचे, जाऊ द्या, उद्या बघू.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही मुद्दाम मरू राहिल्या ना?"

"मी? छे!"

"ती तोफ तुम्हाला माहीत आहे." त्यांनी दम घेतला. "मला शेवट बघायचा आहे हो. किती वर्षं झाली. अडवून नका धरू."

मी पडद्याकडं बघत राहिले, कारण त्यांच्याकडं बघवलं नसतं. डोळे पुसून परत सुरू केलं. त्या दिवशी मी एकदाही टेकडीसमोर गेले नाही. मागं बघितलं, डावीकडं बघितलं, त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं, आणि आम्ही जिंकलो. झालं काय, तर इंग्रजीत चार ओळी आल्या, संगीत वाजलं आणि गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर जायला लागली. भाऊजींनी ती सगळी वाचली. "आपल्या दोघांसाठी एवढी माणसं राबली की हो!" आणि मग, "लावा परत. पहिल्यापासून." आम्ही परत लावलं. दुसऱ्या की तिसऱ्या टप्प्यात होतो, चंद्रावर, तेवढ्यात ते गेले.

मागच्या रविवारी दुपारी मी पहिल्यांदाच एकटीनं त्यांच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. आमच्या गाड्या जिथं सोडल्या होत्या तिथं उभ्या होत्या, सांगितल्याशिवाय त्या हलत नाहीत. मी पुढं गेले. शत्रू दिसला, बटणाकडं बघायला गेले तर रणगाडा दगडावर, रणगाडा सावरला तर मागं तळावर हल्ला. मला दोन्ही येतं. तळ सांभाळता येतो, लढता येतं. दोन्ही एकदम येत नाही. हल्ला कसाबसा परतवला आणि माऊस सोडून बसले, रडत होते बहुतेक. दारात कांचन होती. इतक्या वर्षांत तिनं ह्या खेळाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. ती येऊन माझ्या शेजारी बसली.

"ताई, ह्यात ते कुठं असायचे?"

"ते दिसत नाहीत," मी म्हटलं. "ते आत असायचे. आता आपल्याला दिसतंय ना, हेच त्यांना दिसायचं."

ती पडद्याजवळ सरकली. मग तिनं हात पुढं केला. मी तिचा हात माऊसवर ठेवला, कसं वळायचं ते दाखवलं. रणगाडा हळूहळू फिरला. राखाडी मैदान, दूरवर डोंगर, काळ्या आभाळात चांदण्या. शत्रू जवळपास कुठं नव्हता.

"तुम्ही दोघं इतकं ओरडायचे कशाला हो, ताई?" ती म्हणाली. "किती शांत आहे इथं..."

तिनं रणगाडा अजून एकदा वळवला. सगळीकडं नीट बघत, गाडी फुटून कुणी पायी येताना दिसतंय का, असं.